कोरी गाडी

ताई आठवडाभर शाळेची बस चालवायची. मागे पोरांचा कल्लोळ, गल्लीगल्लीत वळणं, आणि वेगाचा काटा कायम झोपलेला. रविवारी मात्र ती धाकट्या बहिणीला घेऊन गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जायची. तिथं विमानं उतरायची बंद होऊन जमाना झाला होता. आता सरळ रेषेत गाड्या पळवायच्या शर्यती होत. शेजारीशेजारी दोन लेन, दोन घड्याळं, चारशे मीटर, बस्स. दिवा हिरवा झाला की सुटायचं, पलीकडचा पांढरा पट्टा ओलांडला की घड्याळ थांबायचं.

"बसमध्ये साठवलेला वेग इथं खर्च करते," असं ताई म्हणायची.

धाकटीचं स्वतःचं गॅरेज होतं. इंजिन तिच्या ताब्यात, स्टिअरिंग ताईच्या. दोघींनी मिळून ती गाडी उभी केली होती, पण त्या मोसमात घोडं अडलं होतं. काही केल्या गाडी बारा सेकंदांच्या खाली येईना.

"दोष इंजिनाचा नाही, त्याच्या कॉम्प्युटरचा आहे," धाकटीनं शेवटी निदान केलं. "तो सगळं लक्षात ठेवतो. मध्ये भेसळीचं पेट्रोल पडलं, इंजिन खडखडलं, तेव्हापासून घाबरून हात राखून चालवतोय. चांगलं पेट्रोल घातलं तरी त्याची भीती काही जात नाही."

"मग?"

"बॅटरीची तार काढून ठेवते थोडा वेळ. सगळं विसरेल. कोरी पाटी."

तार काढली, चहा झाला, तार पुन्हा जोडली. कोरी गाडी उभ्या जागी चाचपडत होती. आवाज चढायचा, पडायचा, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. पण दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी सुटली की धाकटी जागेवर उड्या मारायला लागली. बारा सेकंद केव्हाच मागे पडले होते.

ती धावत पलीकडच्या टोकाला गेली. ताई गाडीत शांत बसली होती.

"किती वेळ लागला गं?"

"अकरा! अकरा सेकंद, ताई!"

ताईनं आभाळाकडे पाहिलं. "मला वाटलं संध्याकाळ झाली असेल."

धाकटी हसली. मग तिचं लक्ष पुढच्या काचेकडे गेलं. लांबच्या प्रवासाहून आल्यावर असते तशी ती काच चिरडलेल्या चिमुकल्या पिवळट पाखरांनी माखली होती. सकाळी तिनंच ती लख्ख पुसली होती. गवतातून उठली असतील, असं म्हणून तिनं फडका फिरवला.

त्या दिवशी ताईनं आणखी दोन फेऱ्या मारल्या. कॉम्प्युटर पुन्हा शिकत गेला, आवाज स्थिरावला, वेळही पुन्हा बाराच्या वर गेली. काच स्वच्छ राहिली.

म्हणून पुढच्या रविवारी धाकटीनं पुन्हा तार काढली.

या वेळी गाडी आणखी जोरात गेली, आणि पट्टा ओलांडल्यावर पेट्रोल संपून बंद पडली. सुटताना टाकी निम्मी भरलेली होती. धाकटी गाडीखाली शिरली, एकेक नळी चाचपून पाहिली. गळती कुठंच नव्हती. ताई बूट काढून, पाय पसरून गवतात बसली होती.

"तिकडचा रस्ता कसा आहे?" धाकटीनं विचारलं. हे आपण काय विचारतोय, ते तिला विचारून झाल्यावर कळलं.

ताईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "सरळ," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना उंच गवत. इंजिन ऐकू येत नाही, नुसती गवताची सळसळ. दुपारी डोळा लागून उठल्यावर असतो ना, तसा उजेड. संपतच नाही गं. पण कंटाळाही येत नाही."

"भीती नाही वाटली?"

"आधी वाटली. पण किती दिवस घाबरणार?"

"दिवस?"

ताई बुटाची नाडी बांधत होती. गाठ दोनदा चुकली. "तिला अजून काही शिकवलेलं नसतं ना," ती गाडीकडे बघत म्हणाली. "कुठं थांबायचं, तेही नाही."

त्या आठवड्यात शाळेतून धाकटीला फोन आला. ताईनं बस चौकात उभी केली होती आणि ती नुसती बसून होती. मागे पोरं ओरडत होती, हॉर्न वाजत होते. धाकटी पोहोचली तेव्हा ताई ओशाळून हसली.

"वळायचं असतं, हेच विसरले बघ."

"आता तारेला हात लावायचा नाही," धाकटीनं बजावलं. "वेळ गेली खड्ड्यात. मला तू हवी आहेस."

"बरं," ताई म्हणाली. इतक्या सहज ती कधीच ऐकायची नाही.

रविवारी धाकटी सुरुवातीच्या रेषेजवळ घड्याळवाल्या काकांच्या खोलीत नाव द्यायला गेली. जरा गप्पा झाल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. चढणारा, पडणारा, चाचपडणारा.

तिनं खिडकीतून हाक मारली. जिवाच्या आकांतानं मारली.

दिवा हिरवा झाला.

काकांनी फळ्यावरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "एवढी पळूच शकत नाही ही गाडी," ते पुटपुटले. तोवर धाकटी टेबलावरचा दुसरा वॉकीटॉकी उचलून पळत सुटली होती.

ताई गाडीला टेकून उभी होती. चेहरा उन्हानं रापलेला, ओठ फुटलेले. हेल्मेट हातात होतं आणि वेणी कमरेपर्यंत आली होती. सकाळी तिचे केस मानेवर होते.

तिनं धाकटीचा चेहरा ओंजळीत धरला. बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"तू अजून तशीच आहेस गं."

"ताई, घरी चल."

"चलू या. जरा थांब." ताईनं मागे, मोकळ्या धावपट्टीकडे पाहिलं. "चालत यायचं म्हणजे वेळ लागतो."

"कुणाला?"

ताई तिकडेच बघत होती.

वॉकीटॉकी खरखरला. "अगं, दुसऱ्या लेनमध्ये कोणी सुटलंय का?" काका विचारत होते. "तिथलं घड्याळ चालू आहे."

"नाही, काका. ताई एकटीच होती."

"मग बंद का होत नाही?"

धाकटीनं वर पाहिलं. पट्ट्याच्या वर लावलेल्या फळ्यावर दोन्ही लेनचे आकडे दिसत. ताईचा थांबलेला होता. शेजारचा धावत होता.

त्या लेनमध्ये कोणी नव्हतं. तापलेल्या डांबरावर हवा थरथरत होती. एक पातंही हलत नव्हतं.

आकडा थांबला.

ताई हसली. वाकून तिनं पलीकडचा दरवाजा आतून उघडला. तिथं सीट नव्हतं. वजन कमी व्हावं म्हणून धाकटीनंच ते काढलं होतं.

त्या बाजूच्या स्प्रिंगा हळूच दबल्या.