चिठ्ठीची मागची बाजू

सकाळी साडेदहाला आवक-जावक शाखेतल्या ताई बदलीचा हुकूम घेऊन मनुष्यबळ कक्षाच्या दारात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, माझं नाव फोडलं कुणी?"

विश्लेषक मॅडमनी हुकूम वाचला. चार तासांवरचं कार्यालय. आठ दिवसांत रुजू व्हायचं. ताईंची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला सकाळ-संध्याकाळ उचलून बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

"नाव फोडलं म्हणजे?"

"काल उपसंचालक साहेबांनी बोलावलं. म्हणाले, माझ्या वागणुकीला पाचपैकी एक गुण देता, मग दुसरीकडेच बरं वाटेल तुम्हाला."

मॅडमनी हुकूम खाली ठेवला. कर्मचाऱ्यांचं मत जाणून घ्यायची पाहणी ही त्यांचीच योजना. चारशे बारा जणांनी बिननावाच्या चिठ्ठ्या भरल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर छापलं होतं, तुम्ही कोण हे कुणालाही कळणार नाही. खाली मॅडमची सही.

"चिठ्ठीवर गुणांखेरीज काही लिहिलं होतंत?"

"मागची बाजू भरून काढली. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या अंगावर फाईल फेकली, तो दिवस, तारखेसकट. माझं अक्षर अख्खं ऑफिस ओळखतं. वीस वर्षांच्या वर झाली, पाकिटांवरचे पत्ते मीच लिहिते. पण खाली तुमची सही होती. म्हटलं, मॅडमचा शब्द आहे."

मॅडम तडक अभिलेख कक्षात गेल्या. चिठ्ठ्यांची पेटी तिथल्या कपाटात होती आणि कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारे गृहस्थ होते चावीवाले काका.

"काका, हे कपाट कोण उघडतं?"

"मी."

"आणखी कोण?"

"आणखी मीच. दुसरा कोण येतोय इथं धूळ खायला?"

"ताईंचं अक्षर ओळखता?"

"झोपेतसुद्धा."

"आणि उपसंचालकांकडे रोज चहाला जाता."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "निवृत्तीला सात महिने राहिलेत माझे. माझ्या कपाटातून आजवर टाचणी हलली नाही. घ्या, बघा तुम्हीच."

पेटी जागेवर होती. लाखेवर मॅडमचा शिक्का जसाच्या तसा. पुढच्या बाजूचे आकडे त्यांनी स्वतः संगणकात भरले होते. मागचं काहीही वाचायचं नाही, हा दंडकही त्यांचाच. त्याच संध्याकाळी पेटीला लाख लागली होती. म्हणजे चिठ्ठी कुणाच्या हाती लागलीच नव्हती. मग?

"सॉरी, काका," मॅडम पुटपुटल्या. काका दुसरीकडे बघत होते.

तिथून मॅडम उपसंचालकांच्या खोलीत गेल्या. ते खुशीत होते. समोर मॅडमचाच अहवाल होता, शेवटची पुरवणी सगळ्यात वर.

"साहेब, ताईंनी एक गुण दिला हे तुम्हाला कळलं कसं?"

"ऑफिस आहे. कळतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आणि गुणाचं मला काही नाही हो. पण माणसानं कारण लिहावं की नाही? नुसता एकाचा आकडा टाकून मोकळी." त्यांनी पुरवणीवर बोट टेकवलं. "तुमचं काम मात्र नेटकं असतं."

मागच्या महिन्यात ही पुरवणी दिली तेव्हाही ते हेच म्हणाले होते. त्या दिवशी मॅडम घरी गुणगुणत गेल्या होत्या.

आता त्या जिन्यापाशी येऊन थबकल्या. नुसता आकडा? मागची बाजू तर भरलेली होती. जागेवर जाऊन त्यांनी स्वतःचा अहवाल उघडला, पुरवणी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग कोरा कागद पुढे ओढला.

दुपारी तीनला संचालकांच्या खोलीत उपसंचालक, ताई आणि चावीवाले काका, तिघांना बोलावलं होतं. संचालक बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"सांगा."

"ज्यानं चिठ्ठी पाहिली असती, त्याला मागचा मजकूर दिसल्याशिवाय राहिला नसता," मॅडम म्हणाल्या. "साहेब म्हणतात, ताईंनी कारण लिहिलंच नाही. म्हणजे त्यांनी चिठ्ठी पाहिली नाही. त्यांना फक्त आकडा दिसला. लाख शाबूत होती. काकांचा काही संबंध नाही. आकडा पेटीबाहेर होता एकाच ठिकाणी, माझ्या अहवालात."

"अहवालात नावं नाहीत."

"नाहीत. पण साहेबांनी नवे आणि जुने कर्मचारी वेगळे दाखवायला सांगितले. मी दुपारच्या आत तक्ता करून दिला, तीच ही पुरवणी. ही ओळ बघा. आवक-जावक शाखा, सेवा वीस वर्षांहून जास्त. माणसं, एक. गुण, एक. त्या शाखेत सहा जण आहेत, पाच जण गेल्या तीन वर्षांत आलेले."

ताईंनी मान वर केली.

"ओळीत पाचांपेक्षा कमी माणसं असतील तर ती छापायची नाही, असा नियम आहे. नव्या लोकांना तो मीच शिकवते. सांगते, वर्गात चष्मा लावणारी एकच मुलगी असेल, तर चष्मेवाल्यांपैकी कुणीतरी म्हणणं म्हणजे तिचं नाव घेणंच. त्या दिवशी मी ओळी मोजल्या नाहीत. साहेब खूश होतील, एवढंच डोक्यात होतं."

"मी फक्त तक्ता मागितला," उपसंचालक म्हणाले.

"हो. त्यावरून बदली काढलीत, त्याचा जाब तुम्ही द्या. नाव फोडलं ते मी." त्यांनी सही केलेला कागद पुढे सरकवला. "हे माझं लेखी निवेदन. माझ्या सेवापुस्तकात लागलं तरी चालेल. हुकूम तेवढा थांबवा."

संचालक बाईंनी कागद दोनदा वाचला. मग बदलीच्या हुकमावर आडवी रेघ मारून सही केली, आणि उपसंचालकांना म्हणाल्या, "तुम्ही थांबा. ती मागची बाजू आता मला वाचायची आहे. ताई, तुमची परवानगी असेल तर."

ताईंनी मान हलवली.

काका मॅडमकडे न बघता निघून गेले. बाहेर मॅडमनी ताईंना गाठलं.

"ताई, मी चुकले. कोणत्या तोंडानं बोलू, कळत नाही."

ताईंनी रद्द झालेल्या हुकमाची नीट घडी घातली. "हुकूम थांबवलात. आईचं निभेल आता." चार पावलं गेल्यावर त्या वळल्या. आवाजात राग नव्हता. "पुढच्या वर्षी चिठ्ठी द्याल ना, तेव्हा मी सगळ्यांना पाचपैकी पाच देईन, मॅडम. मागची बाजू कोरी."