नाडीपटातला तिसरा

सिनेमा सुरू होण्याआधी डावा तळवा खुर्चीच्या हातावरच्या चकतीवर टेकवायचा, याची आता कोणाला आठवण करून द्यावी लागत नसे. देवळात शिरताना चपला काढाव्यात तितक्या सहज लोक ते करत. सोलापूरच्या थिएटरात 'तिसरा बाक'च्या पहिल्या खेळाला आलेल्या शाल्मलीनंही तसंच केलं, आणि मग ओशाळून हात उचलला. पडद्यावर तीच दिसणार होती. स्वतःच्या सिनेमाला आपणच कौल कसा द्यायचा, हे तिला कळेना. शेजारी बसलेल्या सिद्रामनं ते पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "ठेव की गं. एक मत तरी पडू दे मला."

तिनं हसून हात पुन्हा चकतीवर ठेवला.

असे चकत्यांवर चालणारे सिनेमे, म्हणजे नाडीपट, येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. चकतीला तळव्याखालची नाडी कळे, कातडीचा ओलावा कळे, बोटांची ऊब कळे. साऱ्या सभागृहाची ही माहिती 'रसज्ञ' नावाच्या प्रणालीकडे जाई आणि कथेच्या प्रत्येक वळणावर पुढं काय व्हावं ते रसज्ञ ठरवी. मध्यंतरापर्यंतचा भाग रीतसर चित्रित केलेला असे. नंतरचा कोणी चित्रित केलेलाच नसे. नटांचे चेहरे, आवाज, चालण्या-वळण्याच्या लकबी आधी एका कॅमेऱ्यांनी भरलेल्या खोलीत नोंदवून घेतलेल्या असत. त्याला मूर्तिसाठा म्हणत. त्या साठ्यातून रसज्ञ पुढची दृश्यं तिथल्या तिथं घडवी. त्यामुळं एकाच सिनेमाचा शेवट साताऱ्यात एक आणि अकोल्यात दुसराच, असं होऊ शके.

दिग्दर्शिका विभावरी करमरकर यांना 'तिसरा बाक'साठी अभिनयाचं शिक्षण घेतलेले नट नको होते. त्यांना अकरावीतली खरी मुलं हवी होती. त्या सोलापूरच्या एका शाळेत आठवडाभर मागच्या बाकावर बसून राहिल्या आणि त्यांनी तिघांना निवडलं. शाल्मली, प्राध्यापकाची मुलगी, बोलकी आणि जरा हट्टी. इंद्रनील, वडिलांची बदली झाल्यामुळं पुण्याहून नुकताच आलेला, उंच, देखणा, पोहण्यात पटाईत. आणि सिद्राम हत्तुरे, ज्याच्या वडिलांचं रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान होतं. सिद्राम सावळा, अंगानं किरकोळ, पुढचा एक दात तिरका. पण शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाची चाल तो अशी काही करून दाखवी की ते शिक्षकही हसत. सिनेमाची गोष्ट साधीच होती. एक मुलगी, दोन मुलं, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिनं करायची निवड.

चित्रीकरणाच्या दिवसांत मात्र एक गोष्ट संहितेबाहेर घडली. प्रकाश जुळेपर्यंत तिघांना तासन्‌तास गच्चीच्या जिन्यात बसावं लागे. इंद्रनील कानात गाणी घालून डोळे मिटून बसे. उरलेली दोघं बोलत. काय बोलत, ते सांगण्यासारखं काही नव्हतं; पण घरी गेल्यावर आईनं हाक मारली तरी शाल्मलीच्या लक्षात येत नसे. शेवटच्या दिवशी सामानाची बांधाबांध चालू असताना तिनं सिद्रामला बाजूला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "सिनेमात काय व्हायचं ते होऊ दे. मला तू आवडतोस."

सिद्रामनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग तो म्हणाला, "हे कॅमेऱ्यात नाही ना गेलं?"

पहिल्या खेळाला त्याच्या घरची सगळी मंडळी आली होती. मध्यंतरापर्यंत सिद्रामच्या नकलांवर सभागृह खदखदून हसत होतं. मग तो भाग सुरू झाला, जो त्या तिघांनीही पाहिलेला नव्हता. स्नेहसंमेलन. रंगमंचामागची धांदल. पडद्यावरचा सिद्राम पडद्यावरच्या शाल्मलीसमोर येऊन उभा राहिला आणि मनातलं बोलला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मान खाली घातली, "माफ कर" म्हणाली आणि इंद्रनीलच्या दिशेनं चालू लागली. पुढच्या रांगेत सिद्रामच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

बाहेर आल्यावर सिद्रामनं खांदे उडवले. "पडलो की. डिपॉझिटसुद्धा गेलं," तो म्हणाला. शाल्मली हसली. तो एक खेळ होता, एक गाव होतं.

पण पुण्यात तेच झालं. नाशिकला, लातूरला, जळगावला तेच. एकाही गावानं तिला सिद्रामकडं जाऊ दिलं नाही. आणि रसज्ञ केवळ निवड करून थांबत नव्हता. प्रत्येक खेळातून तो शिकत होता, आणि एका गावात शिकलेलं दुसऱ्या गावात वापरत होता. मुलीनं हळुवार नकार दिला की नाड्या संथ राहतात. ती हसली की थोड्या उसळतात. तिच्याबरोबर सगळा वर्ग हसला की जास्त उसळतात, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या आठवड्यात पडद्यावरची शाल्मली सिद्रामच्या 'जायलाव-करायलाव' या सोलापुरी बोलीची नक्कल करू लागली. महिनाभरात तिच्या तोंडी एक वाक्य आलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं: "आरशात बघ एकदा, मग माझ्या बाकाजवळ ये."

शाल्मलीनं ते वाक्य उभ्या आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. पण आवाज तिचाच होता. बोलण्याआधी ओठ किंचित दुमडायची सवयही तिचीच.

वाक्य गावभर झालं. पोरं सिद्रामला रस्त्यात अडवून ऐकवत. दुकानात बॅटरी बदलायला आलेला एखादा रिक्षावाला रिक्षाचा आरसा त्याच्याकडं वळवी आणि बाकीचे हसत. सुरुवातीला सिद्रामही हसला, त्याचा स्वभावच तसा. मग त्यानं नकला करणं सोडून दिलं. वर्गात तो शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. शाल्मली बोलायला गेली की तो उत्तर देई, नीट देई. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात क्षणभर तिच्या ओठांकडं पाही, पुढं काय येतंय याची वाट पाहत असल्यासारखा. ते तिला सहन होत नसे.

एकदा शाळेच्या फाटकाशी एका बाईंनी तिला ओळखलं. कडेवर मूल होतं, हातात फोन होता. इंद्रनीलही तिथंच होता. बाईंना दोघांचा फोटो हवा होता. काढणार कोण, म्हणून त्यांनी जवळ उभ्या असलेल्या पोराच्या हातात फोन दिला. तो सिद्राम आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "हात धरा की एकमेकांचे," त्या कौतुकानं म्हणाल्या. इंद्रनीलनं हात धरला. शाल्मलीनं तो सोडवून घेतला नाही. भोवती माणसं जमली होती, सगळी तिच्याकडं प्रेमानं पाहत होती, आणि तेवढ्यापुरतं तिला ते बरं वाटलं. सिद्रामनं फोटो काढला, नीट आलाय का ते पाहिलं आणि फोन परत दिला.

इंद्रनील काही वाईट मुलगा नव्हता. आधी तो म्हणे, यात माझा काय दोष, लोकांना आवडतं. पुढं तेही म्हणेनासा झाला, आणि तिच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवू लागला.

शाळेनं सिनेमाच्या यशाबद्दल विभावरीबाईंचा सत्कार ठेवला, तेव्हा शाल्मलीनं त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत एकटं गाठलं. ती वाक्यं कोणी लिहिली, असं तिनं विचारलं.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "मी लिहिली असती तर मला लाज वाटली असती, शाल्मली. मी लिहिलेली नाहीत."

"मग काढून टाका."

बाईंनी समजावून सांगितलं की ते तसं काढता येत नाही. एक वाक्य काढलं तर रसज्ञ त्याच ताकदीचं दुसरं शोधून काढेल. मूर्तिसाठ्याला तिघांच्याही पालकांनी संमती दिलेली आहे. आणि सिनेमा उतरला की लोक विसरतात, त्यांना नेहमीच विसर पडतो. बोलता बोलता त्यांनी शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला. शाल्मली बाजूला झाली.

"सिद्रामला का निवडलंत तुम्ही?"

"अशा गोष्टीत एक हरणारा लागतो," त्या म्हणाल्या. "आणि तो लोकांना आवडावाही लागतो. नाहीतर त्याचं हरणं कोण बघेल?"

"म्हणजे आधीच ठरलं होतं."

"ठरवलं नव्हतं. अंदाज होता."

शाल्मलीनं आणखी एक खटपट केली. तिनं सगळ्या वर्गाला गोळा केलं, एक अख्खा खेळ आपल्याच वर्गाचा असा ठरवला. सिद्राम सगळ्यांचा लाडका होता, आणि त्याला जिंकवायचंच असं बोलून मुलं आत गेली. त्याचं नाव घेत टाळ्या वाजवत त्यांनी चकत्यांवर हात ठेवले. पडद्यावरची शाल्मली "आरशात बघ" म्हणाली, तेव्हा अंधारात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच हसू दाबलं. बाहेर येताना कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. नशीब, त्या दिवशी सिद्राम आला नव्हता.

मग बातमी आली की सिद्राम शाळा सोडतोय. बारावी तो विजयपूरला मामाकडं राहून करणार होता. तिकडं कानडी मुलूख, हा सिनेमा कोणी पाहिलेला नव्हता. शाल्मली दुकानात गेली. तो एकटाच होता, हात काळे झालेले. ती म्हणाली की थिएटरात सहा खुर्च्यांच्या लहान खोल्या मिळतात, आपण दोघंच जाऊ. तिसरा कोणी नाही. दोनच तळवे.

"कशाला?" सिद्रामनं विचारलं.

"तुला खात्री पटावी म्हणून."

"अन् तुला?"

"मला आहे," ती म्हणाली.

तो निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते गेले. पडद्यावरचा जुना सिद्राम मुख्याध्यापकांची चाल करून दाखवत होता आणि खोलीत कोणी हसत नव्हतं. स्नेहसंमेलन सुरू झालं तसं शाल्मलीनं चकतीवरचा हात आणखी घट्ट दाबला. छातीत धडधड होत होती. होऊ दे, तिला वाटलं. हीच तर रसज्ञाला ऐकू जायला हवी.

पडद्यावरचा सिद्राम समोर येऊन उभा राहिला. पडद्यावरची शाल्मली त्याच्याकडं पाहत राहिली, आजवरच्या कुठल्याही खेळात पाहिलं नसेल इतका वेळ. ती हसली नाही. आरशाचं वाक्यही आलं नाही. एक पाऊल ती पुढंसुद्धा आली. मग ओठ किंचित दुमडून हळू आवाजात म्हणाली, "मला तू आवडतोस रे. पण तुझ्याबरोबर दिसले तर लोकांना काय सांगू?"

आणि ती वळली.

हे वाक्य आधी कुठंच आलं नव्हतं. ते याच खोलीत जन्माला आलं होतं, या दोन तळव्यांतून. फाटकाशी इंद्रनीलनं हात धरला होता तेव्हा शाल्मलीच्या मनात काय आलं होतं, ते तिनं कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही.

सिद्रामनं आपला हात चकतीवरून उचलला आणि पँटला पुसला.

"हे तुझं होतं की माझं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. मग तोच पुढं म्हणाला, "मी लई घाबरलेलो. छाती नुसती फुटायली होती. घाबरणं काय, खूश होणं काय, चकतीला एकच कळतंय म्हणे. मला जे ऐकायची भीती, तेच काढलं असंल त्यानं. माझंच असंल."

त्यानं तिच्यासाठी सुटायची वाट मोकळी ठेवली होती. 'माझं नव्हतं' एवढे दोन शब्द म्हटले असते तरी पुरलं असतं. तिनं तोंड उघडलं. तो तिच्या ओठांकडं पाहत थांबला. ते दोन शब्द खरे आहेत की नाहीत, हे तिला त्या क्षणी खरोखरच माहीत नव्हतं, आणि खोटं तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. सिद्राम उठला, "येतो" म्हणाला, आणि दार हळूच लावून घेऊन गेला.

सिनेमा चालूच होता. आता खोलीत एकच तळवा उरला होता. पडद्यावर सिद्राम शाळेचं पटांगण ओलांडून फाटकाकडं निघाला होता आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी पडद्यावरची शाल्मली येऊन उभी राहिली होती. इथं अजून एक वळण होतं. ती त्याला हाक मारू शकत होती. आजवर एकाही खेळात तिनं ती मारली नव्हती. रसज्ञ खोलीतल्या त्या एकट्या नाडीचा अंदाज घेत थांबला.

खरा सिद्राम अजून जिन्यातच असेल. दार उघडून एक हाक मारली तर त्याला ऐकू गेली असती. शाल्मलीला ते कळत होतं. आणि तरीही ती खुर्चीतच बसून राहिली, हात चकतीवर दाबून, डोळे खिडकीतल्या त्या मुलीवर खिळवून.

ती हाक मारेल का?