अजून थोडं वर

चहा आधीच ओतून घ्या, मग मध्येच कुणी उठायचं नाही. आणि वेयसेल, तो मोबाईल पालथा ठेव, तुझी बायको काही पळून जात नाही. मी सांगतोय ती ऐकीव गोष्ट नव्हे. आपला मिनीबसवाला नेजाती, माझ्या मेहुणीचा मुलगा, त्यानं स्वतः मला सांगितली. सांगताना एकदाही मान वर केली नाही त्यानं.

सुरुवात अगदी साधी. एप्रिल लागला होता, वरचा बर्फ वितळत होता आणि शाकिर उस्ता अंथरुणाला खिळले होते. तुम्ही पोरांनी त्यांना काठी टेकत, वाकलेलंच पाहिलंत. पण उस्ता म्हणजे उस्तादच, रानातल्या ओढ्यावर ट्राउट मासा धरावा तर त्यांनीच. एक साधी काठी, एक दोरा, एक गांडूळ, बस्स. नेजातीला बाप नव्हता, त्यालाही त्यांनीच शिकवलं. ओढ्यात खालून वर चढायचं, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पुढे कुणी असेल तर त्याला ओलांडायचं नाही, हे सगळं त्यांनी त्याच्या हाताला धरून शिकवलेलं.

तर एक दिवस त्यांनी नेजातीला बोलावून घेतलं.

"एक मासा आणशील का रे? लाल ठिपक्यांचा, आपल्या ओढ्यातला. औषधांनी जीभ मेली बघ माझी. एकदा तोंडाला चव येऊ दे, मग मी जायला मोकळा."

"जाताय कुठे, उस्ता? उद्याच आणतो."

"घाई करू नको. पाणी गार आहे, पाय सांभाळ."

गेला नेजाती. काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाय बधिर झाले, पण गळाला साधा हिसका नाही. आणि संध्याकाळी मॅच होती, चहाच्या दुकानात मित्र वाट बघत होते. कारण म्हणाल तर एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

येताना रस्त्याकडेला तो मासे पाळणारा आहे ना, सिमेंटच्या टाक्यांवाला, त्याच्याकडून यानं एक गलेलठ्ठ मासा घेतला. आता टाकीतल्या माशाची शेपूट सिमेंटला घासून बोथट झालेली असते, ते आपल्याकडचं शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून या शहाण्यानं गाडी थांबवून त्याचं डोकं कापलं, शेपूट कापली, ठिपके लाल नाहीत हे दिसू नये म्हणून कातडीही सोलली.

उस्तांच्या बायकोनं, हाजेर काकूंनी, तो मक्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळला. उस्तांना उशीला टेकून बसवलं.

"शेपूट कुठाय रे याची?"

"मांजरानं पळवली, उस्ता."

"नशीबवान मांजर!" म्हणाले आणि हसले. मग सावकाश, काटे चोखून चोखून खाल्ला. खाताना डोळ्यांत पाणी. "कुठे लागला?"

इथे नेजातीची पंचाईत झाली. ओळखीचा डोह सांगावा तर उस्तांना तिथला दगड न् दगड पाठ. पाणी किती होतं, कुठल्या कडेला लागला, सगळं विचारणार. म्हणून त्यानं डोहच नवा बनवला.

"तिसऱ्या धबधब्याच्या वर. एक अक्रोड आडवा पडलाय. त्याच्याखाली हिरवागार डोह झालाय, नवाच. मागे पांढरा खडक आहे, मेंढी बसल्यासारखा."

उस्ता बघतच राहिले. "जन्म गेला माझा त्या ओढ्यात, आणि मला माहीत नसलेला डोह! बरा झालो की दाखवशील?"

"दाखवतो की."

त्या दिवसापासून जो कोणी बघायला येईल त्याला उस्ता नेजातीचा डोह सांगायचे. अक्रोड, हिरवं पाणी, मेंढीसारखा खडक. "माझं पोरगं माझ्या पुढे गेलं," म्हणायचे. लोक येऊन नेजातीची पाठ थोपटायचे आणि तो शरमेनं अर्धा व्हायचा. रोज ठरवायचा की आज सांगून टाकू. रोज त्या दारावरून गाडी तशीच पुढे न्यायचा. आणि एका सकाळी उस्ता गेलेच.

दफनाआधी इमामानं विचारलं, "या माणसाकडे तुमचा काही हक्क राहिला असेल, तो सोडलात का?" सगळे म्हणाले, "सोडला!" नेजातीचं तोंड उघडेना. त्याचा कसला हक्क? हक्क उस्तांचा राहिला होता, त्याच्याकडे. तो आता कोण सोडणार?

मग उजाडला पंचवीस मे, शनिवार. दुसऱ्या दिवशी उस्तांना जाऊन चाळीस दिवस होणार, त्यांचा चाळिसावा. नेजातीनं मनाशी पक्कं केलं, ओढ्यातला खरा मासा धरायचा, हाजेर काकूंपुढे ठेवायचा आणि सगळं कबूल करून माफी मागायची. शेवटची फेरी संपवून तो ओढ्यावर पोचला तेव्हा दिवस मावळत होता.

आठवडाभर पाऊस नव्हता. दगड कोरडे ठणठणीत होते. पण पहिल्याच वळणावर दगडांवर ओली पावलं दिसली, रबरी बुटांची, वर जाणारी. म्हणजे पुढे कुणीतरी होतं. नेजाती वैतागला, पण रीत ती रीत. आपण मासेमारीला निघालेल्याला शुभेच्छा देतो तशी त्यानं हाक दिली, "रास्तगेले!"

उत्तर नाही.

तो मागून चढत राहिला. गळ टाकायचा, वाट बघायची. काही नाही. पुढच्या डोहातही नाही. पहिला धबधबा गेला, दुसरा गेला. अंधार पडला, त्यानं बॅटरी लावली. पावलं पुढेच होती. ताजी. दगडावरून अजून पाणी ओघळत होतं. पावलं जवळ जवळ पडलेली, म्हाताऱ्या माणसाची. आणि प्रत्येक पावलाशेजारी एक ओला ठिपका.

काठी टेकत चालल्याचा.

नेजाती थांबला.

तिसऱ्या धबधब्याच्या वर पावलं सरळ जात नव्हती. या काठाला, मग त्या काठाला. झाडाखाली वाकलेली. परत फिरलेली. पुन्हा वर. कुणीतरी काहीतरी शोधत होतं...

मग त्याला कळलं काय शोधत होतं ते.

ओढ्याचा आवाज... थांबला. एवढं पाणी वाहतंय, आणि आवाज नाही.

"नेजाती..."

वरून. अंधारातून. दमलेला आवाज.

"अक्रोड काही दिसेना रे..."

सांगायचं होतं त्याला. हीच वेळ होती. 'उस्ता, डोह नाही. मासा विकतचा होता. मला माफ करा.' एवढंच तर म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं...

"अजून थोडं वर, उस्ता."



"बरं," आवाज म्हणाला. मायेनं म्हणाला. "तू सांगतोस म्हणजे असणारच."

ठक्. काठी दगडावर वाजली. ठक्... ठक्... लांब जात राहिली.

नेजाती पळाला. काठी टाकली, बॅटरी टाकली. ठेचकाळत, रडत खाली आला. "भीतीनं रडत होतो असं लोकांना वाटेल," म्हणाला मला. "पण भीती कधीच गेली होती. मेलेल्या माणसालाही मी खरं सांगू शकलो नाही, याची लाज वाटत होती."

पहाटे हाजेर काकू चाळिसाव्यासाठी हलवा परतत होत्या. नेजाती चिखलानं माखलेला, तसाच उंबऱ्यावर बसला आणि सगळं ओकला. टाकीतला मासा, कापलेली शेपूट, डोह, आणि रात्रीचंही. काकूंनी गॅस बंद केला. कढई खाली उतरवली.

"माझ्यापुरता हक्क सोडला, पोरा," त्या म्हणाल्या. "त्यांचा मी कशी सोडू?"

मग एकदम काहीतरी आठवल्यासारख्या त्या उठून दाराबाहेर गेल्या. माणूस गेला की आपण त्याचे बूट दारात ठेवतो, कुणा गरजवंतानं न्यावेत म्हणून. उस्तांचे काळे रबरी बूट त्यांनी पायरीवर ठेवले होते. आजवर कुणी नेले नव्हते.

"रोज पहाटे ओले असायचे," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, दव पडलं असेल. पण रोज परत जागेवर असायचे, नेजाती. रोज."

नेजातीनं वाकून पाहिलं. पायरीवर बूट नव्हते. फक्त दोन ओले ठसे होते. टोकं डोंगराकडे.

आज ऑगस्ट संपत आला, बूट काही परत आले नाहीत. घरी जाताना काकूंच्या पायरीवर नुसता हात ठेवून बघा. ती ओलीच आहे.