खोली क्रमांक सातमधील रहिवासी

विषय : सोलापुरातील सात रस्त्याजवळील भाड्याच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील खोली क्रमांक सातमध्ये कोणीही राहत नसल्याबाबत.

संदर्भ : त्याच खोलीत एक बाई राहत असल्याबाबत अर्जदाराचाच यापूर्वीचा अर्ज.

अर्जदाराचं नाव धोंडप्पा. आधी ‘राहते’ म्हणून अर्ज द्यायचा आणि मग ‘राहत नाही’ म्हणून द्यायचा, याचं कचेरीला नवल वाटलं नाही. नवल वाटायला लागलं तर कचेरी चालायची कशी? धोंडप्पांची गोष्ट मात्र वेगळी होती. सूतगिरणीत हजेरी घेण्यात त्यांची हयात गेली होती. गैरहजर माणसाला त्यांनी कधी हजर दाखवलं नाही, सख्ख्या मेहुण्यालासुद्धा. त्या मेहुण्याने मरेपर्यंत त्यांच्याकडचा चहा घेतला नाही. असा माणूस म्हातारपणी एक खोटी हजेरी लावून बसला, ती बायकोच्या पायासाठी.

झालं असं. इमारतीचे मालक बापूसाहेब नातेपुत्याला राहायचे. वडील गेले, इमारत नावावर आली, आणि तिचा कायापालट करायचं त्यांच्या मनाने घेतलं. सिद्धनाथ नावाचा कंत्राटदार आला. त्याने बांबूची परांची बांधली आणि इमारतीला गच्चीपासून खालपर्यंत हिरवी जाळी गुंडाळली. त्या दिवसापासून आत ऊन आलं नाही. सोलापुरात उन्हाचा तुटवडा पडलेली ती बहुधा एकमेव इमारत असेल. भरदुपारी घरात शेवाळलेल्या विहिरीतल्यासारखा उजेड. माणसाचा चेहरा हिरवा, भात हिरवा, देवाच्या समईची ज्योतही हिरवट. सिमेंटची धूळ गिळत बाकीची बिऱ्हाडं एकेक करून हलली. दुसऱ्या मजल्यावर उरल्या दोन खोल्या. पाचमध्ये धोंडप्पा आणि त्यांची बायको रुद्राणी. सहामध्ये वच्छला, मूळची श्रीपूरची, आता शाळेत खिचडी शिजवणारी. सात नंबरला कुलूप होतं. त्यापुढे गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास आणि नळ.

रुद्राणीबाईंच्या खुब्याचं हाड मोडलेलं. वॉकर धरून गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं, हीच त्यांची यात्रा. तीही धोंडप्पांनी मागून धरलं तर. जिना उतरणं शक्य नव्हतं. आणि सिद्धनाथला नेमका तो संडास पाडायचा होता.

“आण्णा, सात नंबर रिकामी हाय,” तो म्हणाला. “तिची भिंत फोडून नवा पाइप घालायचा. चार-सहा म्हैने वरचा संडास बंद. तवर खालचा वापरा.”

“आणि हिला खाली कोण नेणार? तू?”

“त्ये मालकास्नी इचारा.”

मालक फोन उचलत नव्हते. धोंडप्पांनी महापालिकेच्या कचेरीत जाऊन दुरुस्तीच्या परवानगीच्या अटी वाचल्या. हयातभर नियम वाचलेल्या माणसाला तोच एक विरंगुळा असतो. अट स्पष्ट होती. ज्या खोलीत भाडेकरू राहतो, ती आणि तिला लागून असलेलं पाणी, संडास, जिना यांना त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. रिकाम्या खोलीला ही अट लागू नाही. पाच आणि सहा नंबर संडासाला लागून नव्हत्या. लागून होती ती फक्त सात.

“मग सात नंबरात ऱ्हातंय की कुनीतरी,” वच्छला म्हणाली.

“कोण?”

“काशम्मा.”

काशम्मा गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात वारली होती. विणकर घरातली एकटी बाई. दिवसभर चरख्यावर कांड्या भरायची, आणि तिच्या लुगड्याला सुताच्या खळीचा आंबूस वास यायचा. दवाखान्यात जाताना तिने किल्ली वच्छलाकडे दिली होती. सिद्धनाथला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि बापूसाहेबांना आपल्या भाडेकरूंची तोंडं ओळखायची सवय नव्हती.

तेव्हा वच्छलाने कुलूप काढलं. उंबऱ्यापुढे दोन बोटांची रांगोळी घातली. काशम्माच्या चपला दाराशी मांडल्या, तिचं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं. धोंडप्पांनी अर्ज लिहिला आणि खाली सही करताना पेन किंचित अडखळलं, एवढंच.

राहिली हाक. त्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड, तेही तिन्हीसांजेला यायचं. नळाची पहिली फुसफुस जो ऐकेल त्याने दारोदार नावाने हाक मारायची आणि आतून ओ आली की पुढच्या दाराशी जायचं, ही मजल्याची जुनी रीत. ज्याची त्याची ओ ज्याच्या त्याच्या बोलीत. वच्छलाची “आले की!” रुद्राणीबाई अक्कलकोटकडच्या, त्यांची कानडी “बंदे!” आणि काशम्माची तेलुगू “वस्तुन्ना!” अर्थ एकच, येतेय. परांचीवरचे गवंडी हे सगळं ऐकायचे. काशम्माला हाक गेली नाही तर त्यांना संशय आला असता.

“गेलेल्या माणसाला तिन्हीसांजेला नावानं हाक मारू नये,” रुद्राणीबाई पलंगावरून म्हणाल्या.

“का? ओ देईल?” धोंडप्पा हसले. “दिली तर बरंच. हजेरी पक्की होईल.”

पुढच्या पाण्याच्या दिवशी वच्छलाने नळावरून हाळी दिली. “रुद्राणीअक्का, पाणी आलं! काशम्मा, पाणी आलं!”

“बंदे,” रुद्राणीबाई म्हणाल्या.

क्षणभराने गॅलरीच्या टोकाकडून सावकाश, नेहमीच्या कंटाळलेल्या सुरात आवाज आला. “वस्तुन्ना... वस्तुन्ना...”

धोंडप्पांना कौतुक वाटलं. सकाळी वच्छला केर काढताना दिसली तेव्हा ते म्हणाले, “काय बाई, हुबेहूब काढलास की काशम्माचा आवाज!”

वच्छलाचा झाडू थांबला. “मी? अवो आण्णा, मला वाटलं तुमीच सातात शिरून बायकी आवाज काढला. मी म्हनलं म्हातारा लई नाटकी हाय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवलं की दुसरा खोटं बोलतोय. शेजारधर्म टिकतो तो अशा समजुतींवरच.

पाहणीला कचेरीतले साहेब आले ते एका दुपारी. तरुण, घामेजलेले, खिशाला ओळखपत्र. सिद्धनाथ त्यांच्यापुढे होता.

“सायेब, नाटक हाय सगळं. गवंडी दोन म्हैने हितं काम करत्यात. बाई कुनाला दिसली न्हाय. हाक मारा. कुनी आसंल तर दार उघडंल की.”

धोंडप्पा आणि वच्छला सहा नंबरच्या दाराला टेकून उभे होते. आत कोणी नाही हे त्या दोघांनाच खात्रीने ठाऊक होतं. धोंडप्पा मनातल्या मनात बायकोला पाठीवर घेऊन जिना उतरत होते.

साहेबांनी कडी वाजवली. “बाई, आहात का?”

जाळीपलीकडे रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या. आत काही हललं नाही. सिद्धनाथ हसला. आणि मग चरखा फिरला. कुरर्र... कुरर्र... आणि थांबला. जुन्या खळीचा आंबूस वास गॅलरीत पसरला.

दार चार बोटं उघडलं. फटीत अंधार होता. अंधारातून एक पितळी तांब्या उंबऱ्यावर आला, काठोकाठ भरलेला. तो ठेवणारा हात धोंडप्पांना दिसला. बोटांच्या पेरांना धाग्याचे वळ होते. दार पुन्हा लागलं.

“थँक्यू हं, आजी,” म्हणत साहेबांनी अर्धा तांब्या घटाघटा प्यायला. उन्हातून आले होते बिचारे. “गार आहे हो पाणी. माठातलं का?”

गल्लीत चार दिवस पाणी नव्हतं. सात नंबरमधला माठ वच्छलाने स्वतः पालथा घातला होता.

साहेबांनी ‘रहिवासी : एक’ अशी नोंद केली आणि सिद्धनाथला दम दिला. म्हातारी बाई राहते, तिच्या भिंतीला हात लावाल तर परवानगी रद्द. ते गेल्यावर सिद्धनाथने दाराला हळूच बोट लावून ढकललं. आत कोनाड्यात चरखा, पालथा माठ, कोरडी फरशी. त्याने दार पुन्हा ओढून घेतलं.

“आण्णा,” तो म्हणाला, “तुमी जिकला. पन ह्ये बरं न्हाय केलं.”

गवंड्यांनी त्या बाजूचं काम सोडलं ते सोडलंच. संडास वाचला, नळ वाचला. कायद्याने भाडेकरूचं रक्षण होतं याचा असा रोकडा पुरावा धोंडप्पांना आयुष्यात प्रथमच मिळाला होता. त्यांनी ठरवलं, आता रांगोळी बंद, हाकही बंद. काम झालं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ती हाक आलीच, पण वच्छलाची नव्हती. वच्छला त्यांच्याच घरात रुद्राणीबाईंच्या पायाला तेल लावत बसली होती. नळ अजून फुसफुसलाही नव्हता.

“रुद्राणी... नीळ्ळु वच्चिनाय... पाणी आलं...”

“बंदे,” रुद्राणीबाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. वच्छलाच्या हातातली वाटी कलंडली. बाहेर नळ फुसफुसला आणि धार लागली.

तेव्हापासून वच्छला पाण्याच्या दिवशी शाळेतून उशिरा यायला लागली. धोंडप्पा मात्र जाणार कुठे?

एकदा दुपारी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा रुद्राणीबाई पलंगावर झोपल्या होत्या. वॉकर भिंतीशी, होता तिथेच. पण त्यांची पावलं ओली होती आणि पलंगापासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. पाऊल ओढल्याची खूण नव्हती. चांगली चालती पावलं.

“अगं, कुठं गेली होतीस?”

“हंडा उचलत नव्हता तिला एकटीला,” रुद्राणीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “म्हातारी झालीय हो ती... आपणच बोलावली, आता आपण नाही बघायचं तर कुणी?”

“चाललीस कशी तू?”

त्यांनी चादर वर ओढून घेतली. त्यांच्या पदराला आंबूस वास येत होता.

दुसऱ्या दिवशी रुद्राणीबाईंच्या चपला, ज्या हाड मोडल्यापासून पलंगाखाली होत्या, सात नंबरच्या दाराशी काशम्माच्या चपलांशेजारी नीट मांडलेल्या सापडल्या. धोंडप्पांनी त्या उचलून आणल्या. संध्याकाळी त्या पुन्हा तिथेच होत्या.

मग त्यांनी नवा अर्ज लिहिला. वर विषय आणि संदर्भ दिलेला, तोच. खोलीत कोणी राहत नाही, आधीचं म्हणणं खोटं होतं, होईल ती शिक्षा मान्य आहे, पण भिंत फोडा, संडास पाडा, काहीही करा. बायकोला खाली उचलून न्यायला चार माणसं द्यायला सिद्धनाथ स्वतःहून तयार होता. त्याने साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. मालकाचा माणूस आणि भाडेकरू एका बाजूला झाल्याचं असं दृश्य कचेरीने पाहिलं नव्हतं. पण कचेरीचं म्हणणं असं की, राहत्या बाईला काढायला घरमालक आणि शेजारी संगनमत करतात, हे नेहमीचंच. अशांपासून तर तिला जपायचं. पुन्हा पाहणी करू.

तेच साहेब आले. पुन्हा दुपार, पुन्हा तो हिरवा उजेड. धोंडप्पांनी रुद्राणीबाई झोपल्याचं पाहिलं, दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि कडीला कुलूप लावलं. किल्ली मुठीत घट्ट धरून ते साहेबांच्या मागे सात नंबरपाशी गेले.

“साहेब, दार ढकला फक्त. आत कोणी नाही.”

“असं कसं ढकलू, आजोबा? कुणाच्या घरात?” साहेबांनी कडी वाजवली. “आजी, आहात का?”

“वस्तुन्ना...” आतून आवाज आला.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. धोंडप्पांनी तो आवाज लग्नाच्या दिवसापासून रोज ऐकला होता.

“बंदे... बंदे...”

दोन तांबे उंबऱ्यावर आले. दार लागलं.

साहेबांनी या वेळी पाणी घेतलं नाही. त्यांनी कपाळ पुसलं. “मागच्या वेळी एकच होत्या ना?”

धोंडप्पांनी मूठ उघडून पाहिली, किल्ली तिथेच होती. ते मागे वळले. पाच नंबरचं कुलूप जसंच्या तसं होतं. ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला. रुद्राणीबाई पलंगावर झोपल्या होत्या, श्वास चालू होता. पायाखालची चादर ओली होती. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला रुद्राणीबाईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि विचारलं, “पाणी आलं?”

अर्जावर कचेरीचा शेरा मिळाला आहे तो असा : ‘सदर खोलीत रहिवासी दोन. दोघींच्याही लेखी संमतीशिवाय काम करता येणार नाही. संमती प्राप्त होताच विचार करण्यात येईल.’

रुद्राणीबाई सही करायला तयार आहेत, पण त्या म्हणतात, आधी काशम्माला विचारा.

अर्ज प्रलंबित आहे.