नानांची मिटलेली मूठ

नानांच्या उजव्या हाताचं हाड मोडलं नव्हतं की कुठे खरचटलं नव्हतं. मग तो हलत का नाही, हे अकरा वर्षांच्या शर्वाणीला कळेना. सहा आठवड्यांपूर्वी आजोबांना, म्हणजे नानांना, पक्षाघात झाला, तेव्हापासून मूठ मिटलेलीच होती.

आज दवाखान्याची यंत्रमानव परिचारिका ध्रुवा घरी आली होती. ती हातावर सौम्य वीज देणाऱ्या यंत्राच्या चिकटपट्ट्या लावू लागताच नानांनी तो डाव्या हाताने मागे ओढून घेतला.

"करंट नको!" ते अडखळत म्हणाले. "खांबावर... माणूस गेलेला... पाहिलाय मी."

पस्तीस वर्षं वायरमन होते नाना. पण उपचाराला उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आधी मला लाव," शर्वाणी ध्रुवाला म्हणाली. आईने धास्तावूनच होकार दिला.

हाताला झिणझिण्या आल्या आणि शर्वाणीची बोटं आपोआप उघडली. "नाना, नुसत्या मुंग्या येतात हो!"

"ही वीज अगदी क्षीण असते," ध्रुवा म्हणाली. "हाताला हुकूम देतो मेंदू. तो हुकूम चेतातंतूंतून, म्हणजे निरोप वाहणाऱ्या बारीक धाग्यांतून, स्नायूंपर्यंत जातो. नानांच्या मेंदूच्या एका भागाला रक्त मिळालं नाही, तिथल्या पेशी मेल्या. हात ठीक आहे, हुकूमच पोचत नाही."

नाना तयार झाले. वीज सोडली की मूठ उघडे, बंद केली की मिटे. वीस वेळा तेच. शर्वाणी रडवेली झाली. "मग उपयोग काय?"

"नाना, तुम्ही स्वतः बोटं उघडायला बघताय का?" ध्रुवाने विचारलं.

"यंत्र... करतंय की."

"यंत्राने एकट्याने करून मेंदू शिकत नाही. तुम्ही जोर लावा, त्याच क्षणी मी वीज सोडेन. प्रयत्न आणि हालचाल पुन्हा पुन्हा एकदम घडली, की मेंदूचा शाबूत भाग ते काम शिकू लागतो."

"हात पूर्ण बरा होईल?" शर्वाणीने भीतभीत विचारलं.

"सगळ्यांचा होतोच असं नाही."

त्यानंतर रोज नाना घामाघूम होत, आणि शर्वाणी श्वास रोखून बोटांकडे बघत बसे. चौथ्या आठवड्यात ध्रुवाने वीज बंद ठेवली. नानांनी दात आवळले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा तिळभर सरकला.

"दिसलं का गं?"

"दिसलं, नाना!"

नानांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून ध्रुवापुढे केला. "लाव पट्ट्या. अजून चार बोटं राहिलीत."