गुडघाभर पाणी

विनुता, दार लोटून घे. प्रणवेश, तूही सरक इकडे. ऐकीव गोष्ट नव्हे ही. आपल्या कृष्णस्वामीवर गुदरलेली आहे.

गेल्या साली आडी पेरुक्कूची, नदीच्या सणाची रात्र. कावेरीला नवं पाणी आलेलं, बायका काठावरची पूजा आटपून घरोघर गेलेल्या. कृष्णस्वामी तंजावरहून तिरुवैयारूला गेला होता, लेकीला आणायला. अखिला तिथं गाणं शिकते. साडेआठला ती गाडीत बसली. सणाच्या गर्दीनं मोठा रस्ता तुंबलेला, म्हणून त्यानं काठचा रस्ता धरला. वर्षभर तो ह्या रस्त्यानं आला नव्हता.

का, तेही सांगतो. नदीतली वाळू काढणाऱ्या एका कंपनीत तो सुरक्षा अधिकारी. त्याच्या आदल्या साली पात्र कोरडं असताना त्यांच्या यंत्रांनी परवानगीच्या कितीतरी खाली खणलं. धरणाचं पाणी सुटायच्या आधी खड्डे बुजवायचे, निदान लाल झेंडे तरी रोवायचे, हे त्याचं काम. मालक म्हणाले, "झेंडे दिसले की लोक विचारतील, इतकं खोल कसं? राहू दे."

त्यानं राहू दिलं. पाणी आलं, खड्डे झाकले गेले.

गावातली राजम रोज गाय घेऊन उतारावरून, पाणी उथळ असतं तिथून, नदी ओलांडायची. तिनं त्याला काठावर गाठून विचारलं, "सार, उतार पूर्वीसारखाच ना?"

"गुडघाभर पाणी. जा निर्धास्त."

गाय पोहत परत आली. राजम नाही.

चौकशीत तो म्हणाला, पाय घसरला असेल. कंपनीनं गावच्या शाळेला पंखे दिले, समारंभ केला. त्या फोटोत कृष्णस्वामी हसतोय.

तर त्या रात्री उतार जवळ आला, आणि मागून अखिला म्हणाली, "अप्पा, थांबा ना. त्या अक्का हात करतायत."

त्यानं ब्रेक दाबला. रस्ता मोकळा होता.

"कोण अक्का?"

"ह्या काय, माझ्या काचेशी."

काचेबाहेर काळोख. पलीकडे पाणी.

"विचारतायत... पाणी किती आहे?"

त्यानं गाडी पुढं काढली. थोडं अंतर गेलं असेल...

"अप्पा, त्या बरोबर येतायत."

तो थांबला.

"परत विचारतायत. सांगा ना."

ओठांवर तोच जुना शब्द आला. गुड... पुढं जीभ वळेना.

"थांबा हं, अक्का," अखिला म्हणाली. "मीच बघून येते."

दार उघडलं. तिचा एक पाय बाहेर.

"नको!" तो ओरडला, तिचा दंड धरला. "दोन पुरुष पाणी आहे तिथं! खड्डा आम्ही केलाय. मला ठाऊक होतं... तिला सांगितलं तेव्हाही ठाऊक होतं."

...

नदीचा आवाजही थांबला.

"गेल्या," अखिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो गावात गेला. राजमच्या आईपुढं उभं राहून, सगळ्यांदेखत, हेच बोलला. मग कलेक्टर कचेरीत बोलला. नोकरी गेली. खटला चालू आहे, मालक जामिनावर आहेत. राजमची आई त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो म्हणतो, बोलावं तरी का?

पण त्या रात्रीचं एक राहिलं. घरी येऊन तो हात धुवायला गेला, तर अखिलानं त्याचं मनगट धरलं. त्या दिवशी नदीची पूजा झाली, की बायका हळदीचा दोरा मनगटाला बांधतात ना? तसा एक दोरा. ओला. गाठ घट्ट मारलेली.

"अप्पा," तिनं विचारलं, "हा तुम्हाला कुणी बांधला?"