सतरा नंबरची खोली रिकामी आहे

"अहो, ऑफिस ना? माझ्या खोलीतला दिवा गेलाय."

"कुठली खोली?"

"सतरा."

भार्गवीने समोरच्या स्क्रीनवर पाहिलं. "सतरा नंबरची खोली रिकामी आहे."

"रिकामी? मग हे बोलतंय ते कोण?"

"भूत असेल. आमच्या सड्यावर पुष्कळ आहेत."

"मग भुताचा दिवा तेवढा लावा... चहात मुंगी गेली तर कळायची नाही."

ती हसली आणि तिने बटण दाबलं. श्रावणातली रिमझिम होती. समोरच्या ओळीत एक खिडकी पिवळी झाली, आणि खिडकीतल्या माणसाने कप उंच करून दाखवला.

झालं! एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

२००७ सालची गोष्ट. मालगुंडच्या वर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जेटीच्या कामगारांसाठी चाळीस खोल्या उभ्या केल्या होत्या. पत्र्याच्या, आगपेट्यांसारख्या. गाव लांब, वीज जनरेटरची. खाली कातळ असा, की पहार मारली तर पहारच वाकायची. मी स्वतः पाहिलीय ती पहार. पुढे कुणीतरी तिची विळी करून घेतली. अशा कातळातून वायरी नेणार कशा? म्हणून कंपनीने बिनतारी यंत्रणा बसवली. प्रत्येक छताला एक डोळा. खाली काही हललं की माणूस आहे. दहा मिनिटं काहीच हललं नाही, की खोली रिकामी. दिवा बंद, पंखा बंद. चाळीस खोल्यांचे चाळीस चौकोन भार्गवीच्या स्क्रीनवर.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फोन. सलिल त्याचं नाव, सर्व्हेचा इंजिनिअर, अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला.

"हात हलवायचा," भार्गवी म्हणाली. "डोळ्याला दिसलं की दिवा आपोआप येतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तुम्ही कशाला आहात?"

"न हलणाऱ्यांसाठी."

चुकलं ते इथेच! कारण तिसऱ्या दिवसापासून सलिल हलेचना. साइटवरून यायचा, मोबाईलला रेंज मिळते म्हणून खिडकीत बसायचा आणि ऑफिसकडे बघत राहायचा. साडेसहाला सतराचा चौकोन करडा व्हायचा, 'रिकामी'. भार्गवी बटण दाबायची. दहा मिनिटांनी पुन्हा करडा. पुन्हा बटण. त्या महिन्यात तो दिवा इतक्यांदा विझला-पेटला, की खाडीत शिरणाऱ्या होड्या म्हणे दीपगृह समजून दिशा बदलू लागल्या. खोटं वाटत असेल तर होड्यांना विचारा.

"हात का हलवत नाही हो?" तिने एकदा विचारलं.

"दिवसभर दुर्बिणीमागे न हलता उभा असतो... सवय."

"खरं कारण?"

"ते नीट विचारलंत, तर सांगेन."

तिने विचारलं नाही. नीट विचारलं, तर नीट उत्तर येईल... आणि मग?

मेसमधल्या तुळसामावशी मात्र थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. "काय गो भार्गवी, त्या सतरावाल्याने आज पण भात तसाच टाकलान. माझ्या हातची चव गेली, का त्याची भूक?"

"मला काय माहीत, मावशी?"

"नाय कसं? चाळीस खोल्यांचं सगळं तुला माहीत!"

आणि मग गौरी-गणपती आटोपले नि कळलं, सर्व्हे संपला. चौघांची बदली, थेट कच्छच्या किनाऱ्यावर. शुक्रवारी चारला जीप.

शुक्रवारी चारला भार्गवी बाहेर आली नाही. रजिस्टरमध्ये डोकं घालून बसली. दारं आपटली, जीप उतारावरून खाली गेली, आवाज पावसात विरला. स्क्रीनवर चार चौकोन करडे होते. बारा, तेरा, सोळा... आणि सतरा.

"ती चार नावं काढून टाका," साहेब जाता जाता म्हणाले.

तिने तीन काढली. चौथ्यावर बोट थांबलं. घड्याळात साडेसहा झाले, आणि तिचं बोट, सवयीनं, नावाऐवजी दिव्याच्या बटणावर गेलं. रिकाम्या खोलीत दिवा! तिला स्वतःचाच राग आला... डोळे भरले.

फोन वाजला.

"अहो, दिवा कशाला लावलात? खोली रिकामी आहे ना?"

"मग... हे बोलतंय ते कोण?"

"ज्याची जीप गेली, तो. अडीच तास बसलोय, जरासुद्धा न हलता. म्हटलं, रिकामी दिसूनही दिवा लागला, तर बोलायचं. नाही लागला, तर न बोलताच सकाळच्या एसटीने निघून जायचं."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

"सलिल... हात का हलवत नाही?"

"कारण हलवला असता, तर दिवा छतातल्या डोळ्याने लावला असता. मला तो तुझ्या हातचा हवा होता."

भार्गवीने छत्री घेतली. घेतली खरी, पण उघडायचं विसरली.

सतराच्या पायरीवर दोघं बसली. सकाळच्या एसटीने तो जाणार हे ठरलेलंच होतं. कच्छ काही चुकत नव्हतं. "दिवाळीला येतो. तुझ्या बाबांना भेटायला," तो म्हणाला.

"तोवर?"

"तोवर रोज साडेसहाला मी तिकडे दिवा लावून बसेन. तू इथे."

"लांबून दिसतो का कुठे?"

"दिसेल."

दहा मिनिटांनी पाठीमागे खोलीतला दिवा गेला. ऑफिसात बटण दाबायला कुणी नव्हतं. मेसच्या दारातून तुळसामावशींनी भात वाढायचं डावलं हलवलं, "अरे, कुणी हलता का नाय? भात निवतोय!"

पण पायरीवर कुणीही हललं नाही.